लेडी मॅनेजर

"पोल काढून राहिले म्हणे," आईने चहाचा कप खाली ठेवत म्हटलं आणि मला कळलं, आजची सकाळ गेली.

कुठला पोल, कोण काढतंय, तुला कोणी सांगितलं, यातलं मी काहीच विचारलं नाही. महाराजपूरच्या आमच्या कॉलनीत दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे तिला बातम्या पुरवतात. माझं मौन म्हणजे होकार असं ठरवून ती कपाटातून चांगली साडी काढायलाही लागली होती. वय चौऱ्याऐंशी. गुडघे माझ्यापेक्षा चांगले. हे मी कौतुकाने नाही, तक्रार म्हणून सांगते आहे.

ऑटोत बसताच तिने ड्रायव्हरच्या खांद्यावर बोट टेकवलं. "भैया, धीरे चलाना. मेरी लड़की के घुटने में तकलीफ है."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. साठी उलटलेली, पांढऱ्या केसांची, ऑटोच्या छताला डोकं टेकेल एवढी उंच लड़की. मी बाहेर बघत राहिले.

जबलपुरातल्या रांझीच्या पुढे बाबांच्या फॅक्टरीची इस्टेट लागली की हवा अजूनही बदलते. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. लाल विटांचे क्वार्टर, त्यांच्यापुढे मेंदीची कुंपणं, कुठेतरी कोणाच्या चुलीवर तापणारं पाणी. मार्च महिन्यातल्या सकाळी इथे एक वास असायचा. नळीने पाणी मारलेल्या सिमेंटचा, चामड्याच्या बॉलचा आणि कॅनव्हासच्या बुटांना लावलेल्या पांढऱ्या खडूच्या लेपाचा. 

पाण्याच्या टाकीच्या मागे आमचं बास्केटबॉलचं कोर्ट. अर्धं उखडलेलं होतं. तिथे बसवायच्या लाल-पिवळ्या फरशांचे ढीग रचून ठेवले होते. एक पोल आडवा पडला होता, त्याच्या फळ्या कोणी नेल्या कोण जाणे. दुसरा अजून उभा होता. रिंग गंजलेली, एका बाजूला झुकलेली. आणि जे सिमेंट अजून शाबूत होतं, त्यावर क्वार्टरमधल्या बायकांनी जुनी धोतरं अंथरून पापड वाळत घातले होते. बरोबर माझ्या डाव्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यातून बॉल टाकायला मी माझ्या आयुष्यातली किती वर्षं दिली!

"बघ," आई खूश होऊन म्हणाली, "सिमेंट किती चांगलं तापतं इथलं."

*

आमच्या घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि आईच्या तोंडात दोन्हीची खिचडी. ती नागपूरची. लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा राज्यांच्या नव्या रेघा आखून झाल्या होत्या. तिचं माहेर महाराष्ट्रात गेलं, बाबांची फॅक्टरी मध्यप्रदेशात राहिली. बाबा लेथवर काम करायचे. संध्याकाळी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा गेटातून बाहेर पडायचा आणि बाबांच्या अंगाला लागून तापलेल्या तेलाचा वास घरात शिरायचा. लोखंडाचे कुरळे कीस कधीकधी त्यांच्या खिशात सापडत. ते मी दिवाळीला किल्ल्यावर लावायची.

मी उंच होत गेले. आई फ्रॉकचा टाका उसवून खाली सोडायची, पुन्हा सोडायची, मग खालून वेगळ्या रंगाची पट्टी जोडायची. शाळेत मला ऊँट म्हणत. पीटीचे शुक्ला सर होते, त्यांनी मात्र एक दिवस प्रार्थनेच्या रांगेतून मला हाताला धरून बाहेर काढलं आणि कोर्टावर उभं केलं. "हाथ ऊपर करो," ते म्हणाले. मी केले. त्यांनी बॉल हातात दिला. बॉल थंड होता, खरखरीत होता, आणि आमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जड होता. मी तो टाकला. रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे बॉल आत गेला तरी आवाज व्हायचा नाही. नुसता एक श्वास थांबायचा, आणि मग खाली सिमेंटवर दण्ण. तो श्वास मी पुढे पुष्कळ वर्षं ऐकला. आता कानात टीव्हीवरच्या मालिकांचे आवाज असतात. आईला मोठ्याने लागतात.

ती या सगळ्यात कशी आली, ते ऐका. मी नववीत होते. सागरला टूर्नामेंट होती. सर भर दुपारी आमच्या क्वार्टरवर आले. आई मागच्या अंगणात कुरडया घालत होती, हाताला कोपरापर्यंत चीक लागलेला.

"माताजी, लेडी मैनेजर के बिना लड़कियों की टीम बाहर नहीं जा सकती," सर म्हणाले. "हमारी मैडम का पाँव भारी है. आप चलिए."

"मैं? मेरे को क्या समझता है खेल का?"

"समझना कुछ नहीं है. बस बैठना है."

आईने हात झटकले. "नुसतं बसायला मला नाही येत," ती मला मराठीत म्हणाली, जणू सर नव्हतेच तिथे. मग त्यांच्याकडे वळून तिने विचारलं, "स्टोव्ह ले जा सकते हैं क्या?"

मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, नको. बाबा तेवढ्यात जेवायला आले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाट ओढून घेतला आणि म्हणाले, "जाऊन ये. वरण-भात येतो मला." एवढंच. देवाने माझं ऐकलं नाही. पुढेही फारसं ऐकलं नाही.

*

होल्डॉल, स्टोव्ह, रॉकेलची बाटली, चिवड्याचा डबा, लोणच्याची बरणी, हळद, सुंठ, आणि एका पिशवीत जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या. दुसऱ्या टीमच्या पोरी छोट्या बॅगा घेऊन तुरुतुरु गाडीत चढायच्या. आमची टीम म्हणजे बदली झालेलं बिऱ्हाड. सामान दारातून आत घेताघेता शिट्टी व्हायची आणि मी लाजेने अर्धी व्हायची.

आम्हाला शाळांच्या वर्गांत उतरवत. बाकं बाजूला रचायची, खाली पुआल, म्हणजे भाताचा पेंढा, त्यावर सतरंज्या. फळ्यावर कोणाचं तरी अर्धवट पुसलेलं भूमितीचं प्रमेय. आई शिरल्याशिरल्या एक कोपरा झाडायची आणि स्टोव्ह मांडायची. पंपाचा आवाज, मग भक्, मग निळी धग. त्या धगीवर तिने मध्यप्रदेशातल्या किती शाळांमध्ये झुणका रटरटवला असेल! आमच्या मॅचच्या कपड्यांना घामाआधी फोडणीचा वास यायचा.

पोरींनी तिला नाव ठेवलं, आईजी. मी घरात आई म्हणायचे, त्यांनी आदराने जी लावला. सागरला पहाटे आमच्या शशीने वऱ्हांड्यातून ओरडून सगळ्यांना उठवलं, "आईजी आ रही हैं, उठो!" शाळेच्या चौकीदाराने ते ऐकलं. त्याला वाटलं पोलिसांचे आय.जी. येताहेत. पट्टा बांधत तो धावत आला आणि समोर आई, हातात उलथनं. तोवर त्याने सलाम ठोकला होता. ठोकलेला सलाम परत कसा घेणार? त्या दिवसापासून गरम पाण्याची पहिली बादली आमच्या वर्गाला. आईला याचं कारण कधीच कळलं नाही. "सागरची माणसं फार चांगली आहेत हो," ती अजून सांगते. मीही सांगायचं टाळते. एकदा सांगितलं तर ती त्या चौकीदाराचा पत्ता काढून माफी मागायला निघेल.

खेळ मात्र ती कधी शिकली नाही. बास्केटला गोल म्हणायची. मी बॉल हिसकावला की बेंचवरून आवाज यायचा, "काहून हिसकून राहिली तिच्या हातचा? तिची पाळी होती ना!" आणि मला कोणी ढकललं की सरळ रेफरीकडे, "ओ भैया, देखा नहीं क्या? मेरी लड़की को धक्का दिया!" सगळं मैदान हसायचं. मी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी, कान लाल, बॉल उगाच आपटत राहायची. लोकांना वाटायचं मी प्रेक्षकांना घाबरते.

एका वर्षी टीमचे कपडे शिवायचे होते. सर म्हणाले, शिंप्याकडे टाकू. आई म्हणाली, कशाला? बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन तिने स्वतः निळं कापड निवडलं, कापडवाल्याला तीन तागे उलगडायला लावून चौथा घेतला. घरी येऊन मशीनवर बसली. दोन दिवस घरात निळे धागे. वरणातसुद्धा. मॅचच्या दिवशी कपडे घातले तेव्हा दिसलं की टीममध्ये सहा नंबरच्या दोघी आहेत. नऊचा आकडा तिने उलटा लावला होता. रेफरी ऐकेना.

"आई, हा सहा झाला!"

"मान वाकडी करून पाहिलं की नऊच आहे."

मॅच उशिरा सुरू झाली, कारण शशीला उभं ठेवून तिच्या पाठीवरचा आकडा उसवून सरळ करावा लागला. आईने तोंडात सुया धरून, समोरच्या टीमच्या आणि सगळ्या मैदानाच्या देखत तो लावला. शेवटचा टाका दातांनी तोडला आणि शशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जाओ, नौ नंबर."

*

नागपूरची ती मॅच मी आजवर कोणाला नीट सांगितली नाही, कारण सांगायला लागलं की माझा आवाज चढतो.

मी तोवर कॉलेजात होते, आणि आमची टीम चांगलीच तयार झाली होती. फायनल नागपूरच्या पोरींशी. आईसाठी तर माहेरची वारी. मामा-मामी, शेजारपाजार, सगळे गॅलरीत, अर्थात तिकडच्या बाजूने. हवेत संत्र्यांच्या सालींचा वास, पायाखाली शेंगांची टरफलं. दुपारचं ऊन कलून कोर्टावर रिंगची लांबलचक सावली पडली होती. आणि गॅलरीच्या पहिल्या रांगेत रेल्वेच्या निवडीसाठी आलेले दोन गृहस्थ बसलेत, हे सरांनी मला सकाळीच कानात सांगितलं होतं. चांगलं खेळलीस तर नोकरी. खेळायची नोकरी. एका लेथवाल्याच्या मुलीला, खेळण्यासाठी!

नागपूरच्या पोरी टाइम आउटमध्ये मराठीत बोलायच्या. मध्यप्रदेशाच्या टीमला काय कळतंय, या भरवशावर अगदी मोकळेपणी. मला ऐकू येत नव्हतं, आईला येत होतं. तिने वळून आपल्या पोरींना हिंदीत सांगायला सुरुवात केली, तीही अशी मोठ्याने की गॅलरीत ऐकू जावं. "वो बोल रही है कि लंबी वाली को बॉलच मत देने दो! दोनों बाजू से घेरो बोली!"

त्यांच्या कोचने हरकत घेतली. रेफरी आला. "माताजी, ऐसा नहीं चलता."

"मैंने क्या किया? उन्होंने बोला, मेरे कान में आया. कान बंद करूँ क्या?"

गॅलरीतून मामा ओरडला, "ताई, तू कोणाकडून आहेस?" आणि सगळे हसले. आई हसली नाही. तिने पदर खोचला आणि गॅलरीकडे बघून म्हणाली, "जिकडे माझी पोरगी आहे तिकडून. काय विचारून राहिला?"

हे ऐकून मला बरं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. क्षणभर वाटलंही. पण पुढे ऐका.

शेवटची मिनिटं. दोन्हीकडे सारखेच गुण. बॉल त्यांच्याकडे, आणि साइडलाइनवरून आत टाकायला त्यांची सात नंबर उभी. चपळ, सावळी, दोन वेण्या वर बांधलेल्या. पूर्ण मॅचभर मी तिच्यामागे धावून धावून थकले होते. ती बरोबर आमच्या बेंचसमोर उभी होती. तिच्या बुटाची लेस सुटलेली. मला दिसत होती. सरांना दिसत होती. शशीला दिसत होती. आमच्यातलं कोणी काही बोललं नाही.

"बाई," आई म्हणाली, "लेस बांध आधी. तोंडावर पडशील."

त्या पोरीने खाली पाहिलं. "हो काकू," म्हणाली, रेफरीला हात केला, वाकली, घट्ट दुहेरी गाठ मारली. मग बॉल आत टाकला, परत घेतला, आणि माझ्या उजवीकडून अशी निघाली की मला फक्त तिच्या अंगाला लागलेल्या पावडरचा वास आला. बॉल रिंगमध्ये. तिकडे जाळी होती. सुस्स.

आम्ही हरलो.

वर्गात परत आल्यावर कोणी बूटही काढले नाहीत. शशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. स्टोव्ह पेटला, खिचडी झाली, ताटं वाढली गेली, कोणी हात लावला नाही. मी आईसमोर उभी राहिले आणि त्या पोरींच्या, सरांच्या देखत ओरडले.

"काहून सांगितलं तिला? काय गरज होती तुला?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच काही भलतं विचारलं होतं. "मग काय, पडू द्यायची होती तिला? गुडघा फुटला असता पोरीचा."

"ती त्यांच्याकडची होती!"

"हो ना. त्यांची लेडी मॅनेजर पाणी आणायला गेली होती," आई म्हणाली. "म्हणून मी सांगितलं. खिचडी थंडी होऊन राहिली. जेव."

मी जेवले नाही. रागाने नाही जेवले, असं मला तेव्हा वाटायचं. पण आज सांगते, तिचं खरं होतं, म्हणून जेवले नाही. अजूनही खरंच आहे. आणि हेच तर! तुम्ही कोणावर रागवावं आणि त्या माणसाने रागालाच जागा ठेवू नये, याच्यासारखा दुसरा वैताग नाही.

निवडीला आलेले गृहस्थ निघताना सरांपाशी थांबले. मला घेतलं. त्या सात नंबरलाही घेतलं, असं पुढे कळलं. तिला दुसऱ्या गावी.

*

रेल्वेतली वर्षं म्हणजे मला आठवतात ते वास आणि उजेड. सकाळी कोर्ट, दुपारपर्यंत ऑफिस, पुन्हा कोर्ट. टेबलावर फायली, टेबलाखाली बुटांची पिशवी, आणि शेजारच्या बाबूंचं रोजचं, "दीदी, आज कौन जीता?" इटारसीचा चहा, मनमाडचा धूर, दक्षिणेतल्या एका गावी कोर्टाशेजारी चिंचेचं बन. मॅच संपली की ओल्या जर्सीत बसून खाल्लेली आंबट चिंच. खेळणं हा माझा धंदा होता, आणि पगाराच्या दिवशी सही करताना मला दरवेळी आत कुठेतरी हसू फुटायचं.

बाबा त्याच काळात गेले. एका उन्हाळ्यात, फॅक्टरीच्या भोंग्याआधी. घरातला तेलाचा वास हळूहळू विरला. तो नेमका कधी गेला, ते मला कळलंही नाही. आई काही महिने अंगणातसुद्धा बसली नाही. मशीनवर कापड टाकून ठेवलेलं.

मग माझ्या नोकरीच्या पासवर तिचं नाव चढलं. रेल्वेच्या टीमला स्वतःची मॅनेजर होती, सगळी व्यवस्था होती, आईची काही गरज नव्हती. मी तसं तिला स्पष्ट सांगितलं. ती "अच्छा, अच्छा" म्हणाली. पुढच्या टूर्नामेंटला स्टेशनवर पोचले तर पुलाखाली होल्डॉलवर बसलेली. पांढरं कपाळ, कोरी साडी, शेजारी स्टोव्ह.

"तू कशाला?"

"पास आहे ना," ती म्हणाली.

माझ्या टीममधल्या पोरी देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आलेल्या, एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. आठवड्याभरात सगळ्या आईजी म्हणायला लागल्या. केरळच्या एका पोरीला ती तिखट कमी घालायची. माझ्यासाठी कधी कमी घातलं नाही.

मला मुलगे पाहायला येत. येत म्हणजे दोघे-तिघे आले. त्यातले एक काका मोठे चष्मेवाले होते. मुलगा मान खाली घालून पोहे खात होता. काकांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का मुलीला?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाही. स्वयंपाक मी करते. ती खेळते."

"म्हणजे लग्नानंतरही...?"

"लग्नानंतर काय, हात-पाय बदलतात काय?"

पोहे संपायच्या आत ते गेले. मी त्या रात्री भांडले नाही, कारण मुलाच्या कानांतून केस आलेले होते. पण निदान मला विचारायला हवं होतं तिने. मग कोणी यायचं थांबलं, आणि आम्ही दोघींनी वाट पाहायचं थांबवलं. कोणी आधी थांबवलं, ते मला सांगता येणार नाही.

*

गुडघा गेला तो एका साध्या सरावात. उडी मारली, खाली आले, आणि आत कोणीतरी ओली फांदी मोडल्यासारखा आवाज. त्यानंतर पुष्कळ काही झालं, पण ते हॉस्पिटलचं आहे, इथे सांगण्यासारखं नाही. मी ऑफिसातल्या टेबलावर कायमची आले. टेबलाखालची पिशवी घरी नेली.

घरी मी खाटेवर, गुडघ्याला आईच्या त्या सुती साड्यांच्या पट्ट्या, त्यावर हळदीचा लेप. खिडकीतून संध्याकाळी बॉलचा आवाज यायचा. दण्ण, दण्ण. मी खिडकी लावायला सांगायची, आई लावायची, आणि थोड्या वेळाने उकडतं म्हणून उघडायची.

मला एक मात्र वाटत होतं. आता हे संपलं. स्टोव्ह, होल्डॉल, आईजी, सगळं संपलं. आता ती माझ्याजवळ बसेल.

शुक्ला सर पुन्हा आले. केस पिकलेले, हातात काठी. माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि आईकडे वळले. "माताजी, नई लड़कियाँ हैं. छोटी हैं. रीवा जाना है."

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "स्टोव्ह की पिन टूटी है," ती त्यांना म्हणाली. "लाना पड़ेगा."

सर गेल्यावर मी खाटेवरून जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. "आई, मी आता खेळत नाही! समजलं का तुला? मी नाही खेळत! मग तू कशाला जाऊन राहिली?"

ती बरणीत लोणचं भरत होती. बोटाला लागलेला मसाला तिने चाखला, मीठ पाहिलं.

"तू नाही खेळत," ती म्हणाली. "त्या पोरी तर खेळतात ना."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने माझ्यासाठी शेजारणीला सांगून ठेवलं होतं, डब्यात चार दिवसांचं करून ठेवलं होतं, काठी खाटेला टेकवून ठेवली होती. रागवायला पुन्हा काही ठेवलं नव्हतं.

पण त्या निघायच्या दिवशी मी गेले. रिक्षा बोलावली, काठी घेतली, आणि स्टेशनवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी प्लॅटफॉर्मवर उभी होते आणि टीम गाडीत होती. नवे बूट, नव्या बॅगा, खिडकीसाठी भांडणं. आई दारात उभी राहून सामान आत घेत होती, दोन पोरींना दटावत होती, एकीची वेणी सोडून पुन्हा घालत होती, शिट्टी झाली तरी वेणीच घालत होती. गाडी हलली. तिने मला हातही केला नाही, हात रिकामा नव्हता. प्लॅटफॉर्मवर रॉकेलचा वास राहिला. हमाल येऊन म्हणाला, "दीदी, किसी को छोड़ने आई थीं?" मी म्हटलं, हो. आणि तिथल्या बाकावर बसून मला जे रडू आलं, ते गुडघ्याचं होतं की कशाचं, ते आजतागायत ठरलेलं नाही.

ती पुढे कितीतरी वर्षं जात राहिली. सर गेले, दुसरे सर आले. स्टोव्हची जागा गॅसच्या छोट्या शेगडीने घेतली. मी ऑफिसातून आले की कुलूप उघडायची, थंड भात गरम करायची, आणि रिकाम्या घरात तिच्यावर चिडायची.

*

कोर्टाच्या कडेला सिमेंटची पायरी अजून आहे. आई तिच्यावर जाऊन बसली, पापड वाळत घालणाऱ्या बाईशी बोलायला लागली. उडीद की मूग, पापडखार कुठला. ऊन चढत होतं. मी ऑटोवाल्याला थांब म्हणून सांगितलं होतं, तो हॉर्न वाजवत होता.

"आई, पाहून झाला ना पोल? चल."

"थांब ना. काय घाई करून राहिली."

तेवढ्यात टाकीच्या वळणावर एक स्कूटी थांबली. चाळिशीची बाई, सलवार-कमीज, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. ती हेल्मेट काढताकाढता थबकली, आणि मग जवळजवळ धावत आली. चप्पल काढून तिने आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आईजी! पहचाना?"

आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला. नाव आठवत नव्हतं, मला कळलं. पण ती म्हणाली, "तू वही ना, जिसको गाड़ी में बैठते ही उल्टी होती थी?"

ती बाई हसली आणि हसताहसता तिचे डोळे भरले. आता शाळेत पीटी शिकवते म्हणाली. मुलींच्या टीमसोबत जाते. "मैं ही मैनेजर हूँ अब, आईजी." आई तिला मुलींना प्रवासात काय खायला द्यायचं ते सांगू लागली. लिंबू, सुंठ, कोरडे मुरमुरे. ती मान डोलावत ऐकत होती, जणू प्रश्नपत्रिका फुटली आहे.

मी बाजूला उभी होते, गुडघ्याचा भार दुसऱ्या पायावर टाकून, उखडलेल्या फ्री थ्रोच्या रेषेवर. शेवटी तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने नमस्कार केला. माझ्या उंचीकडे पाहिलं. आणि अगदी अदबीने, मनापासून विचारलं, "दीदी, आप भी कभी खेलती थीं क्या?"

मी काय सांगणार होते? चिंचेचं बन सांगणार होते, की जाळी नसलेल्या रिंगचा तो श्वास? मी तोंड उघडलं. मला खरोखर राग आला होता, तिचा नाही, त्या फरशांचा, त्या पापडांचा, हॉर्न वाजवणाऱ्या त्या ऑटोवाल्याचा.

"ये?" आई म्हणाली. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं, पुष्कळ वर करावी लागते तिला. "अरे, इसी के पीछे-पीछे तो मैं आई थी."

त्या बाईने माझ्याकडे पुन्हा पाहिलं, आता वेगळं. मग ती वाकली आणि माझ्याही पायांना हात लावला.

ऑटोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. मी त्याला हातानेच सांगितलं, जा. आणि गुडघा जपत, कुरकुरत, आईच्या शेजारी त्या तापलेल्या पायरीवर बसले.